खड्डे खणण्याआधी बुडखे मोजा : राज्याच्या वनबल प्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वनबल प्रमुख),
महाराष्ट्र राज्य, वनभवन, नागपूर

विषय : अवनत (म्हणजे ऱ्हास पावलेल्या) वनक्षेत्रातली रोपवनं आणि तिथे जमिनीखाली जिवंत असलेलं जंगल

महोदय,

येत्या पावसाळ्यातल्या रोपवनांचे खड्डे आताच खणून होताहेत. त्यांच्या निविदा, दर, रोपांची उंची यांबद्दल तुम्हाला लिहिणारे पुष्कळ जण असतील. मला दोन खड्ड्यांच्या मधल्या जागेबद्दल लिहायचं आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात राहते. वनस्पतिशास्त्र शिकवत आले आणि विद्यार्थ्यांना घेऊन जंगलात बिया गोळा करत आले. आमच्याकडचं जंगल पानगळीचं. तुमच्या प्रत्येक कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या कामाच्या आराखड्यात, चॅम्पियन आणि सेठ यांच्या 1968 च्या वनप्रकारांच्या वर्गीकरणाचा आधार घेऊन त्याची नोंद असते : दक्षिणी उष्णकटिबंधीय शुष्क पानगळी वन. चार महिने पाऊस, आठ महिने कोरडे. ही आठ महिन्यांची कोरड झाडांनी जन्मभर सोसलेली असते, आणि तिच्यामुळेच त्यांची राहणी आंब्या-फणसाच्या मुलखातल्या झाडांपेक्षा वेगळी झाली आहे. आपल्या योजना मात्र अजून अशाच लिहिल्या जातात, की जिथे झाड दिसत नाही तिथे झाड नाही.

वैशाखात एखाद्या मुरमाड टेकडीवर उभं राहिलं तर हे खरंही वाटतं. दगड, जळलेलं गवत, मधूनमधून काळे पडलेले बोटाएवढे खुंट. कागदावर ‘अवनत’, ‘विरळ’, ‘रोपवनास योग्य’. तीच टेकडी आषाढात पाहा. प्रत्येक काळ्या खुंटाच्या बुडातून, म्हणजे जमिनीत जिवंत राहिलेल्या बुडख्यातून, फुटवे आलेले असतात. तेंदू, पळस, ऐन, धावडा, मोई, रोहण, कुठे चारोळी, कुठे बिजा. पोरांना एकदा तेंदूचा गुडघाभर फुटवा मुळापर्यंत उकरायला लावलं. वर करंगळीएवढी काडी, खाली मनगटापेक्षा जाड मूळ, आणि ते खाली कुठवर जातं ते कुदळीला सापडेना. ही झाडं या वर्षीच्या बीची नाहीत. यातली कित्येक आपल्या नोकरीच्या आधीपासून तिथे आहेत. दर उन्हाळ्यात त्यांचा शेंडा वाळतो, जळतो किंवा चरला जातो आणि दर पावसाळ्यात ती पुन्हा वर येतात. पानगळी जंगलातल्या अनेक जातींची रोपं कोणी त्रास दिला नाही तरी सुरुवातीची काही वर्षं अशीच काढतात. वरचा भाग मरू द्यायचा, मूळ पोसायचं, आणि मूळ पुरेसं जाड झालं की एका पावसाळ्यात उसळी मारून आगीच्या आणि शेळीच्या तोंडाबाहेर जायचं.

हे तुमच्या खात्याला शिकवण्याची गरज नाही. सागाची जडी लावण्याची पद्धत तुमचीच. वर्षाच्या रोपाचा शेंडा छाटून टाकायचा, मूळ आणि वर इंचभर दांडा ठेवायचा आणि पावसाच्या सुरुवातीला तो तुकडा जमिनीत रोवायचा. सागाचा जीव मुळात असतो हे मानूनच ही सगळी पद्धत उभी आहे. मग हाच न्याय टेकडीवरच्या तेंदूला, ऐनाला, रोहणाला का नाही? त्यांच्या जड्या फुकट आहेत, निसर्गाने आधीच रोवून ठेवलेल्या आहेत, आणि नेमक्या त्या जागी टिकलेल्या आहेत.

त्यांच्या उरावर आपण जेसीबी चालवतो. पाणी-माती अडवायला उतारावर आडवे, खोल सलग समतल चर काढताना एका रेषेत जेवढी मुळं येतात तेवढी उपटली जातात. उरलेल्या जागेत खड्डे, खड्ड्यांच्या भोवती ‘साफसफाई’. साफसफाईत कापलं जातं ते बहुतेक वेळा तेंदू, पळस, मुरुडशेंग, करवंद, धायटी. म्हणजे जंगल काढून जंगल लावायचं, आणि काढलेल्याची नोंद कुठेच नाही, कारण ते ‘झाडोरा’ या सदरात मोडतं. पाणलोटाची कामं नकोत असं मी म्हणत नाही. उघड्या उतारावर माती धरायलाच हवी. पण चर कुठून न्यायचा हे ठरवताना बुडखे कुठे आहेत हे आधी कोणी तरी चालत जाऊन पाहिलेलं असावं, एवढी साधी अपेक्षा आहे.

आता त्या खड्ड्यात काय जातं ते पाहू. राज्याने 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी रोपांचे संकल्प सोडले. एवढी रोपं हवी म्हटल्यावर जे पटकन वाढतं तेच रोपवाटिकेत वाढणार, त्यात रोपवाटिकेवाल्याचा दोष नाही. गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, हे त्याचं जुनं उदाहरण. फांदी खोचली तरी जगतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, ऑक्टोबरच्या मोजणीत हिरवं दिसतं. पुण्याच्या टेकड्यांवर सामाजिक वनीकरणात ते लावलं गेलं आणि आज तिथे त्याची गर्दी इतकी आहे, की खाली देशी झाडाचं रोप शोधावं लागतं. गंमत अशी, की ग्लिरिसिडिया मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या पानगळी जंगलातलंच झाड आहे. तिथे ते आपल्या पळसासारखं घरचं. आपण दुसऱ्याच्या कोरड्या जंगलातलं एक झाड उचललं आणि आपल्या कोरड्या जंगलाच्या जागी त्याची शेती केली.

मी कट्टर स्वदेशीवाली नाही. सीताफळही परदेशातूनच आलं, आणि बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला खत म्हणून वापरणाऱ्या शेतकऱ्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते जिवंत रोपांच्या टक्केवारीशी. एका रोपवनाचं यश दोन-तीन वर्षांच्या टक्केवारीवर ठरत असेल, तर वनपाल बिचारा धावडा कशाला लावील? धावड्याच्या बिया ढिगाने पडतात आणि त्यातल्या फार थोड्या उगवतात. बिजा सावकाश वाढतो. अंजनाचं सोटमूळ सुरुवातीलाच इतकं खोल धावतं, की पिशवीत वाढवलं तर तळाशी वेटोळं होतं आणि लावल्यावर झाड कायमचं खुरटं राहतं. जे आपल्या मातीत शतकभर टिकेल ते पहिल्या मोजणीत नापास होतं. आपण परीक्षाच अशी काढली आहे.

खड्ड्यांवर होणारा खर्च दुसरीकडे वळवायचा तर तो आगीवर वळवा. माझ्या मते या पत्रातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

तुमच्या दप्तरी वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. या काळात आमच्या टेकड्या वर्षाआड, कुठे कुठे दरवर्षी जळतात. मोठं झाड यात मरत नाही, सालईची साल सोलते, सागाचं बूड काळं होतं, पण ते निभावून नेतं. मरतात ती गुडघाभर उंचीची. मरतात म्हणजे पुन्हा जमिनीत जातात आणि त्यांचा हिशेब शून्यावर येतो. सलग पाच-सहा वर्षं आग आली नाही, तर तोच फुटवा डोक्याच्या वर जातो, साल जाड होते, सावली पडते, सावलीत गवत विरळ होतं आणि मग आग आली तरी तिला खायला कमी मिळतं. एका ठरावीक उंचीपर्यंत त्याला पोचू देणं, एवढंच आपलं काम.

आगी कोण लावतं हे आपल्या दोघांनाही माहीत आहे, तेव्हा उगाच ‘समाजकंटक’ म्हणण्यात अर्थ नाही. मोहाची फुलं वेचायला खालचा पाला जाळतात, कारण पाल्यात फूल दिसत नाही. तेंदूला कोवळी मोठी पानं यावीत म्हणून झुडपं छाटतात आणि खाली आग सोडतात. गुरांसाठी नवं गवत लवकर यावं म्हणूनही लावतात. ही पोटाची कारणं आहेत आणि त्यांना पोटाचीच उत्तरं लागतात. मोहाखाली जाळी बांधली, की फुलं स्वच्छ मिळतात, भाव बरा येतो आणि पाला जाळायचं कारण उरत नाही. अशा जाळ्यांचे प्रयोग झालेले आहेत, ते थोडक्यांपुरते न ठेवता मोहाच्या प्रत्येक गावात न्यायला हवेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर 2012 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाचं जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा कायदेशीर हक्क, मिळाल्यावर, तेंदूपत्त्यापायी झाडं छाटली जातात आणि आगी लागतात म्हणून तेंदूचा हंगामच सोडून दिला आणि बांबूवर आपला कारभार उभा केला. प्रत्येक गावाने तेच करावं असं नाही. बांबू नसलेल्या गावाला तेंदूचे पैसे सोडणं परवडणार नाही. पण निर्णय गावाच्या हातात आला, की गाव आगीचा हिशेब मांडतं, हे त्यातून दिसलं.

इथे एक उपसूचना. सगळ्याच आगी सारख्या नसतात. पौष-माघात, गवतात ओल असताना, आखून-रेखून केलेली जळणी आणि चैत्र-वैशाखातला वणवा यांत फार फरक आहे. तुमच्या जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत जाळून मोकळे केलेले पट्टे, वेळेवर झाल्या तर पहिल्या प्रकारचं काम होतं. त्या उशिरा झाल्या किंवा कागदावरच झाल्या, तर दुसरा प्रकार ठरलेला. वनरक्षक हिरव्या फांद्या आणि एखादा ब्लोअर घेऊन रात्री आगीमागे धावतात ते मी पाहिलं आहे. त्यांच्या कष्टाबद्दल शंका नाही. पण एका बीटला, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीला, एक माणूस, आणि सोबतीला जे मजूर दिले जातात त्यांना हंगाम संपल्यावर पुढच्या वर्षीची खात्री नाही, अशा व्यवस्थेतून पाच-सहा वर्षं सलग आग अडवणं जमणार नाही.

हे जमतं, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने 1990 च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि दंडाचे नियम स्वतः लावून सुमारे 400 हेक्टर जंगल परत आणलं. त्यासाठी चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. सत्काराच्या भाषणांत मात्र एक गोष्ट राहून गेली. तिथलं जंगल मुख्यतः राखून आलेलं आहे. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला 2012 मध्ये 192 हेक्टर उजाड वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. गावाने राखण केली, काही लावलंही, आणि सीताफळं विकून ग्रामसभेला उत्पन्न मिळू लागलं. राखणारा माणूस तिथेच राहणारा होता आणि जंगल उभं राहण्यात त्याचा रोकडा फायदा होता, हे या दोन्ही ठिकाणी सारखं.

बाहेरचं उदाहरण हवंच असेल तर कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्तेचं घ्या. पॅसिफिक किनाऱ्यालगतचं ते पानगळी जंगल गुरांच्या कुरणांसाठी साफ झालं होतं. आफ्रिकेतून आणलेलं जारागुआ नावाचं उंच गवत माजलं होतं आणि दर उन्हाळ्यात पेटत होतं. 1980 च्या दशकात डॅनियल जॅन्झन, विनी हॉलवाक्स हे जीवशास्त्रज्ञ आणि तिथले लोक यांनी काम सुरू केलं तेव्हा जोर लागवडीवर दिला नाही. आसपासच्या गावातली माणसं पगारी नेमून आधी आग थांबवली. सुरुवातीला गवत दाबून ठेवायला काही भागांत गुरंही चरू दिली. मग वाऱ्याने उडून येणाऱ्या बिया आल्या, मागोमाग पाखरं आणि प्राणी इतर बिया घेऊन आले. आज तिथे कुरणांच्या जागी मैलोगणती जंगल आहे. आपल्याकडे वाऱ्याचं काम ऐन, धावडा, बिजा, सावर करतील. चारोळी, बोर, बहावा पेरायला अस्वल आहे, आवळा-बेहड्याला चितळ, वड-उंबराला धनेश आणि बुलबुल. या मजुरांना दर सूची लागत नाही. मात्र जवळपास कुठे तरी जुनं जंगल उरलेलं असायला हवं, म्हणून कार्य आयोजनेत रोपवनाची जागा ठरवताना ‘सर्वांत जवळचं बी देणारं जंगल किती अंतरावर’ हा एक रकाना असावा.

याचा अर्थ काहीच लावू नये असा नाही. काही जाती आपल्या पायांनी परत येत नाहीत. चारोळी ओरबाडली गेली आहे, फळ पिकायच्या आधीच फांद्या मोडून काढतात, त्यामुळे बी जमिनीवर पडतच नाही. शेताच्या बांधावरचे म्हातारे मोह उभे आहेत, पण त्यांच्या खाली पोर नाही, कारण दरवर्षी तिथेच आग लागते आणि उरलेलं बी तेलासाठी जातं. बिजा, शिवण, तिवस विरळ झालेत. खानदेशात अंजन. या जातींसाठी रोपवाटिका हव्यात, पण वेगळ्या शिस्तीच्या. मोहाचं बी पडल्यावर थोड्याच आठवड्यांत त्याची उगवण संपते, म्हणून ते गोळा केल्याबरोबर पेरावं लागतं. त्याच्यासाठी मार्चमधली निविदा उपयोगाची नाही. अंजनाला दरवर्षी बी भरत नाही, काही वर्षांनी एकदा झाड लगडतं, तेव्हा हात मोकळे आणि पैसे हाताशी हवेत. आणि ही झाडं शक्य तिथे जागेवरच पेरावीत. टोकण करायला खड्डा लागत नाही, बुडख्यांना धक्का बसत नाही. उगवण कमी होईल, मान्य. बी स्वस्त आहे, दुप्पट टोका.

घाणेरीबद्दलही थोडं. सावली उघडी पडली, की ती घुसते आणि आमच्या बुडख्यांचा श्वास कोंडते. तिला वरून कापलं तर ती दुपटीने फुटते, हे कोणत्याही वनमजुराला विचारा. खोड जिथे मुळाला मिळतं त्याच्या दोन-तीन बोटं खाली, जमिनीत घाव घालून गाठीसकट उचलून उलटी ठेवली तर ती परत येत नाही. पण त्यासाठी तीच जागा पुढची दोन-तीन वर्षं फिरून बघावी लागते, नवी रोपं हाताने काढावी लागतात. हेही राखणीचंच काम. एकदा काढून फोटो पाठवण्याचं नाही.

आणि जिथे जंगल नव्हतंच, तिथे ते आणू नका. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात कान्होपात्रेचं झाड म्हणून तरटी पूजली जाते, काटेरी, उघड्या माळावरचं झाड. तो मुलूख जुनाच माळरानाचा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोकाला सावली नको होती, मोकळं गवत हवं होतं, आणि आपण गवताला पडीक समजून तिथे झाडं घुसवली. हीच चूक आता नव्या नावाने होऊ घातली आहे. अवनत जमिनीवर झाडं वाढवली की कंपन्यांना त्याचं श्रेय (क्रेडिट) देणाऱ्या केंद्राच्या 2023 च्या ग्रीन क्रेडिट नियमांखाली आधी हेक्टरी किमान 1,100 झाडांची अट आली. 2025 च्या दुरुस्तीत पाच वर्षांची मुदत घातली हे चांगलं झालं, पण सोबत किमान 40 टक्के छत्राची, म्हणजे झाडांच्या माथ्यांनी झाकलेल्या जमिनीची, अट आली. सालई-धावड्याच्या खडकाळ माथ्यावर 40 टक्के छत्र पाच वर्षांत आणायचं तर ते गिरिपुष्प, सुबाभूळ यांनीच येईल. कंपन्यांना कुठल्या जमिनी दाखवायच्या हे तुमच्या कार्यालयातून ठरतं. माळरानं आणि खडकाळ माथे त्या यादीतून वगळणं तुमच्या हातात आहे.

मागणी मोठी नाही. पुढच्या हंगामात कोणत्याही अवनत कक्षात, म्हणजे जंगलाच्या आखलेल्या तुकड्यात, रोपवन मंजूर करण्याआधी पावसाळ्यात, पानं असताना, जिवंत बुडख्यांची पाहणी व्हावी. नमुना तुकडे आखायचे, हेक्टरी किती बुडखे आणि कोणत्या जातीचे ते लिहायचं, सोबत ग्रामसभेची दोन जाणती माणसं न्यायची, त्यांना नावं आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. बुडखे पुरेसे असतील तिथे खड्ड्यांना मंजुरी नको. तोच पैसा दहा वर्षांत पसरून राखणीला द्यावा : जाळरेषा, बारमाही राखणदार, आळीपाळीने चराई, दाट फुटव्यांतला एक जोमदार ठेवून बाकीचे काढणं, घाणेरीचा पाठपुरावा. ज्या गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत तिथे तो ग्रामसभेच्या खात्यात जावा. यश मोजताना रोपांच्या टक्केवारीऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात : आग न आलेली सलग वर्षं, डोक्याच्या वर गेलेले फुटवे, आणि देशी जातींची संख्या. आगीची माहिती भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून रोज देतच असतं. ती कक्षवार मांडून प्रत्येक परिक्षेत्र कार्यालयाच्या फलकावर लावली तरी गावात चर्चा सुरू होईल.

एक अडचण मलाही दिसते. राखलेल्या जंगलाचं उद्घाटन करता येत नाही. मंत्र्यांच्या हस्ते लावायला रोप नसतं, फीत नसते, पहिली तीन-चार वर्षं तर फोटोतही फरक दिसत नाही. वरून आकडा मागितला, की खालून खड्डेच दाखवावे लागतात. म्हणून हा बदल वनरक्षकाकडून सुरू होऊ शकत नाही. तुमच्या सहीच्या परिपत्रकाने होऊ शकतो.

सगळ्या राज्यात एकदम नको. प्रत्येक वनविभागात एक कक्ष निवडा, त्याच्या शेजारी नेहमीच्या पद्धतीचं एक रोपवन राहू द्या, दोन्हींचे खर्च आणि आगीच्या नोंदी लोकांसमोर उघड्या ठेवा. आमच्या जिल्ह्यातला कक्ष निवडलात तर बुडखे मोजायला विद्यार्थी देण्याची जबाबदारी माझी. मोहाचं बी जून-जुलैत पडेल. ते गोळा करून लगेच टोकायची परवानगी निदान मेअखेर आमच्या परिक्षेत्रात पोचावी, नाहीतर यंदाचंही बी तेलाच्या घाण्यावर जाईल.

आपली,
बिया गोळा करणारी एक शिक्षिका,
यवतमाळ जिल्हा